तांदळाएवढा लेप

आपल्या मराठी स्वयंपाकघरात मापांची एक स्वतंत्र परिभाषा आहे. हिंग चिमूटभर, आले बोटाच्या पेराएवढे, चिंच लिंबाएवढी, गूळ सुपारीएवढा. ग्रॅम नि मिलिलिटर ह्यांचे राज्य येऊन कितीतरी वर्षे लोटली, तथापि गृहिणींच्या तोंडची ही मापे काही हटली नाहीत. त्याचे कारण उघड आहे. ज्या वस्तूचा गुण तिच्या अल्पत्वातच असतो तिला तराजूपेक्षा उपमाच अधिक शोभते. आमच्या माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी घरांनी पोहे नि जिलबी एका ताटात आनंदाने नांदविली, पण ही मापे मात्र जशीच्या तशी राखली. यंदाच्या उन्हाळ्यात ह्या यादीत आम्हांला एका मापाची भर घालावी लागली. ती अशी : संगणकाच्या प्रोसेसरवर घालावयाची थर्मल पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी.

मराठी विषयाची एम.ए. ही पदवी घेतलेल्या माणसाने प्रोसेसरच्या वाटेस का जावे, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडेल. आम्ही एका शासकीय शाळेचे मुख्याध्यापक आहो, आणि त्या पदावरील माणसास कोणत्याही विषयाच्या वाटेस जावे लागते. शाळेच्या संगणककक्षात सहा संगणक आहेत. कक्षावर पत्र्याचे छत. मार्च सरता सरता त्यांपैकी तीन संगणक सुरू केल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडू लागले. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी झाकणसुद्धा न उघडता निकाल दिला, "ही यंत्रे जुनी झाली, भंगारात काढा." नव्या यंत्रांचा त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून आम्ही त्यांस चहा पाजला नि निरोप दिला.

तीन यंत्रे गेली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, पुढील प्रवेशाचे अर्ज आता ऑनलाइनच भरावे लागतात. आमच्या मुलांपैकी अनेकांच्या घरी संगणक नाही. असलाच तर वडिलांच्या खिशातला एक मोबाइल, आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. बाजारातल्या दुकानात अर्ज भरून घ्यावयाचा तर पैसे पडतात, रोजगार बुडतो, आणि मुलीला एकटीला पाठविण्यास आई कचरते. तेव्हा शाळेतील अर्धे संगणक बंद पडणे म्हणजे मुलांच्या वाटेतील अर्धी दारे बंद होणे. शिष्यवृत्तीची मुदत महिन्याभरावर आलेली. यंत्रांना भंगार म्हणण्यापूर्वी त्यांच्या पोटात काय आहे ते निदान पाहावे, असे आम्ही ठरविले.

आमचा एक जुना विद्यार्थी शहरात संगणकदुरुस्तीचे छोटेसे दुकान चालवितो. मराठीच्या तासाला तो कधी फारसा रमला नाही. पण दहावीत असताना त्याने शाळेची बिघडलेली विजेची घंटा दुरुस्त केली होती, हे आम्हांस स्मरत होते. त्यास दूरध्वनी केला. तो म्हणाला, "सर, दहा मिनिटांनी बंद पडतो म्हणजे बहुतेक तापतोय. आत धूळ असेल नाहीतर पेस्ट वाळली असेल. रविवारी येतो. पण हात तुम्ही लावायचा. मी नुसता सांगेन. म्हणजे पुढच्या वर्षी माझी वाट बघायला नको." गुरूला शिकविण्याची शिष्याची ही रीत आम्हांस फार आवडली.

आता मूळ विषयाकडे वळू. संगणकाचा सर्व विचार ज्या चिपमध्ये चालतो तिला प्रोसेसर म्हणतात. टेबलावरच्या साध्या संगणकात ती साधारण तीन-चार सेंटिमीटर लांबरुंद असते. ती वापरते ती वीज जवळजवळ सगळीच शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. आमच्या यंत्रांतील प्रोसेसर पूर्ण कामाच्या वेळी ६५ वॅटपर्यंत जाणारे आहेत. म्हणजे जुन्या काळच्या साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याहून अधिक उष्णता, आणि तीही पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या जागेत. तिचा निचरा व्हावा म्हणून प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा बसविलेला असतो, त्यास हीटसिंक म्हणतात. त्याच्या डोक्यावर पंखा असतो. उष्णता प्रोसेसरकडून ठोकळ्यात, ठोकळ्याकडून हवेत. हा मार्ग खुंटला की तापमान चढते. बऱ्याच प्रोसेसरांत ते शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले की प्रोसेसर आधी आपली गती कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर जीव वाचविण्यासाठी संगणक बंद होतो. आमची यंत्रे जुनी झाली म्हणून मरत नव्हती. मरू नये म्हणून ती मिटून घेत होती.

मग ह्या दोन धातूंच्या मध्ये पेस्ट कशाला? ह्याचे उत्तर आमच्या सौ.नी एका वाक्यात दिले. विजेच्या सपाट शेगडीवर बुडाला पोचा आलेले पातेले ठेवून पाहा, म्हणाल्या. दूध एका बाजूला उतू जाते आणि दुसऱ्या बाजूला कोमटच राहते. जेथे बूड टेकते तेथे आच पोहोचते, जेथे टेकत नाही तेथे मध्ये हवा राहते. प्रोसेसरचे झाकण आणि ठोकळ्याचा तळ डोळ्यांना आरशासारखे सपाट वाटले, तरी सूक्ष्मदृष्टीने पाहता दोन्हींवर डोंगर आहेत, दऱ्या आहेत. डोंगर डोंगराला टेकतात, दऱ्यांत हवा भरून राहते. आणि हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक. ह्या दऱ्यांतली हवा हाकलून तिची जागा घेणे, एवढेच पेस्टचे काम. लोक तिला 'थंड करणारे मलम' म्हणतात. ते बरोबर नाही. कपाळावरचा चंदनाचा लेप सुकता सुकता खरोखर थंडावा देतो. थर्मल पेस्ट स्वतः काहीच थंड करीत नाही. ती फक्त आलेली उष्णता पुढच्याच्या हाती देते.

रविवारी हे ऐकावयास आम्ही नववीच्या चार-पाच मुलामुलींनाही बोलाविले होते. त्यांच्यातील एका मुलीने विचारले, "सर, ही पेस्ट इतकी चांगली असेल तर भरपूर का नाही घालायची?" प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर आम्ही शब्दांनी न देता फळ्यावर आकड्यांनी दिले. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, ॲल्युमिनियमची २०० च्या वर, बऱ्या पेस्टची ४ ते ८, साध्या पांढऱ्या पेस्टची १ च्या आसपास, आणि हवेची अवघी ०.०२६. ही सर्व मापे वॅट प्रति मीटर-केल्व्हिन ह्या एककातली. म्हणजे पेस्ट हवेपुढे राजा आहे, पण धातूपुढे रंक. फ्रान्सच्या फूरिये ह्या गणितज्ञाने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णतेवरील ग्रंथातील नियम असा की, थर जितका जाड तितका त्याच्या दोन बाजूंच्या तापमानातील फरक अधिक.

मग मुलांकडूनच हिशेब करविला. तीन सेंटिमीटर लांब नि तेवढीच रुंद जागा, ६५ वॅट उष्णता, आणि मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर. त्या थरात सर्वत्र हवाच असती तर दोन बाजूंमध्ये सुमारे १३९ अंशांचा फरक पडला असता. प्रत्यक्षात डोंगर डोंगराला टेकत असल्याने तो इतका होत नाही, परंतु दिशा कळते. त्याच जागी वाहकता ४ असलेली पेस्ट घातली तर फरक एका अंशाहूनही कमी. आणि तीच पेस्ट हात सैल सोडून एक मिलिमीटर जाड थापली तर फरक १८ अंश! त्या मुलीने वहीत उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. औषध तेच, केवळ मात्रेने त्याचे ओझे होते, हे तिला कोणी वेगळे सांगावे लागले नाही.

ह्याच हिशेबाने पेस्टची निवडही सोपी केली. बाजारात हिचे अनेक प्रकार मिळतात. सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइडची पूड खलून केलेली पांढरी पेस्ट सर्वांत स्वस्त. ॲल्युमिनियम ऑक्साइडची, कार्बनची अशा मधल्या प्रतीच्या, बहुधा करड्या रंगाच्या. आणि चांदीचे कण घातलेल्या भारी. चांदी हा धातूंत उष्णतेचा सर्वोत्तम वाहक खरा, पण ती पेस्टमध्ये तेलात विखुरलेली असते. त्यामुळे नाव चांदीचे असले तरी वाहकता चांदीची मिळत नाही. शिवाय धातुमय पेस्ट बाजूला ओघळून विजेच्या टोकांवर गेली तर घात होण्याचे भय. वरच्याच हिशेबात वाहकता १ धरली तर फरक साडेतीन अंशांच्या थोडा वर, ४ धरली तर एक अंशाच्या आत, ८ धरली तर अर्धा अंश. चारावरून आठावर जाण्यात लाभ अर्ध्या अंशाचा. दिवसभर चित्रपटांचे संकलन करणाऱ्या वा जबर खेळ खेळणाऱ्या यंत्रास त्याचे मोल असेल. अर्ज भरणाऱ्या शाळेच्या यंत्रास मध्यम प्रतीची, विजेची वाहक नसलेली पेस्ट पुष्कळ झाली. शे-दोनशे रुपयांची एक पिचकारी आणली. ती तीन यंत्रांना पुरून उरली.

एक प्रकार मात्र असा निघाला की ज्याने आमच्यातील भाषेचा विद्यार्थी जागा झाला. तो म्हणजे द्रवधातू. ह्यात मुख्यतः गॅलियम असते. रशियाचा रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह ह्याने मूलद्रव्यांची सारणी रचली तेव्हा ॲल्युमिनियमच्या खालचे घर त्यास रिकामे दिसले. त्या अज्ञात मूलद्रव्याचे गुणधर्म त्याने १८७१ मध्ये वर्तविले आणि त्यास नाव दिले 'एका-ॲल्युमिनियम'. हा 'एक' आपल्या संस्कृतातला! ॲल्युमिनियमच्या पुढचे एक घर, असा त्याचा अर्थ. चारच वर्षांनी, १८७५ साली, ल्कोक द ब्वाबोद्राँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञास ते मूलद्रव्य सापडले, आणि त्याचे नाव गॅलियम पडले. ते ३० अंशांच्या किंचित आतच वितळते. म्हणजे आमच्या माळव्याच्या उन्हाळ्यात कपाटातल्या कपाटात पातळ व्हावे. त्याच्या मिश्रधातूंची वाहकता साध्या पेस्टच्या कितीतरी पट. मोह पडावा असाच पदार्थ. परंतु ज्याच्या नावावरून त्याचे बारसे झाले त्या ॲल्युमिनियमचाच तो वैरी आहे. ॲल्युमिनियमच्या कणाकणांच्या सांध्यांत शिरून तो त्यास ठिसूळ करून टाकतो. आमचे ठोकळे ॲल्युमिनियमचे. शिवाय हा द्रव विजेचाही वाहक. तेव्हा त्यास दुरून नमस्कार केला. कोणी कोणी पेस्टऐवजी दात घासण्याची पेस्ट वापरतात असेही कळले. तिच्यात पाणी असते. ते उष्णतेने उडून गेले की मागे राहते ती कोरडी खडूसारखी पूड. नाव सारखे म्हणून गुण सारखा नसतो, हे व्याकरणाच्या शिक्षकास कोणी सांगावयास नको.

यंत्रे शासनाची, म्हणून आधी त्यांची हमी संपल्याची खात्री करून घेतली, शाळेच्या व्यवस्थापन समितीत ठराव केला, साठानोंदवहीत नोंद केली, आणि मगच स्क्रू सोडविला. पहिले यंत्र दहा मिनिटे चालू ठेवले. ते थोडे ऊबदार असले की वाळलेली पेस्ट सैल होते. नंतर ते बंद करून विजेची तार भिंतीतून काढली, सुरू करण्याचे बटण क्षणभर दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, आणि अंगावरील स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावला. पंख्याची वायर सोडविली. आमच्या ठोकळ्यास प्लॅस्टिकचे चार पाय होते. ते बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढावयाचे. त्यानंतर ठोकळा सरळ न उपटता हलकेच डावी-उजवीकडे पिळून सोडवावयाचा. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, काही प्रोसेसरना खाली बारीक पिना असतात. ठोकळा झटक्याने ओढला तर प्रोसेसर चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. सवय पिळायचीच ठेवा."

आत पाहतो तो पात्यांमध्ये धुळीची गादी, आणि प्रोसेसरवर सुकलेल्या चिखलासारखे खपले. पेस्टमधले तेल वर्षानुवर्षांच्या उष्णतेने विलग होऊन जाते, थर भेगाळतो, आणि हाकललेली हवा पुन्हा घरात शिरते. ते खपले धागे न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसून काढले, दोन्ही पृष्ठभाग लखलखीत होईपर्यंत. आमच्या लहानपणी दारी येणारा कल्हईवाला आठवला. कथील हा त्याचा शेवटचा हात असे. आधी भांडे घासणे, तापविणे, नवसागर टाकणे, ह्यातच त्याचा सारा वेळ जाई. मळलेल्या भांड्यावर कल्हई बसत नाही, हा नियम येथेही तसाच.

पुसलेल्या भागास मग बोट लावावयाचे नाही. बोटाला तेल असते. मध्यावर तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढा, फार तर लहान वाटाण्याएवढा ठिपका घातला. ठोकळा सरळ खाली टेकविला नि पाय समोरासमोरचे, तिरप्या जोडीने दाबले. सगळा भार एकदम एका बाजूस दिला की पेस्टही एका बाजूस पळते. ठिपका पसरविण्यास चमचा लागत नाही, चाकू लागत नाही. दाबानेच तो पसरतो. एकदा टेकविल्यावर पुन्हा उचलून 'बघू तरी किती पसरले' असे करावयाचे नाही. उचलले की हवेचे बुडबुडे आत शिरतात, मग सगळे पुसून पहिल्यापासून करावे लागते. शेवटी पंख्याची वायर आठवणीने जोडावयाची.

मुलांना कारण व कार्य ह्यांचा विवेक कळावा म्हणून पहिल्या यंत्रावर आम्ही कामे दोन टप्प्यांत केली. संगणक सुरू होताना बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचे तापमान दिसते. खोलीचे तापमान होते ३६ अंश. आरंभी प्रोसेसरचे तापमान ८८ वर जाऊन आणखी चढतच होते. झाकण काढून नुसती धूळ झाडली. पंखा वाऱ्याने गरगरू नये म्हणून तो बोटाने धरून ठेवला होता. तापमान ७६ वर आले. मग पेस्ट बदलली, ५२ वर स्थिरावले. ज्या मुलीने दोन रेघा ओढल्या होत्या तिनेच हे आकडे फळ्यावर लिहिले. दुसरे यंत्रही त्याच विधीने मार्गी लागले.

तिसऱ्याने मात्र दाद दिली नाही. धूळ काढली, पेस्ट घातली, तरी तापमान ८० च्या खाली येईना. आमच्या विद्यार्थ्याने ठोकळ्याच्या चारही कोपऱ्यांना हळूच बोट लावून पाहिले. एक कोपरा हलत होता. त्या पायाचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे तापून तडकले होते, ते पकडच घेत नव्हते. जेथे दोन धातू एकमेकांजवळ यावयासच तयार नाहीत तेथे पेस्ट काय करणार? ती फट बुजविते ती केसाहून बारीक. तुटलेल्या पायाची भरपाई तिच्याने होत नाही. नवा पाय थोडक्या रुपयांत आला. तो बसविला, पुन्हा सगळे पुसून नवा ठिपका घातला, आणि तेही यंत्र शांत झाले.

त्या दिवसापासून आम्हांस आमच्या पदाविषयी थोडे नवे सुचू लागले आहे. मुख्याध्यापकाच्या एका अंगास शासनाची परिपत्रके, दुसऱ्या अंगास पालक नि मुले. दोन्ही पृष्ठभाग आपापल्या जागी सपाट, तरी मध्ये दऱ्या राहतातच. त्या भरून काढणे हे आमचे काम. पण त्यातही मात्रा सांभाळावी लागते. मधला माणूस फार फुगला, प्रत्येक गोष्ट आपल्यावरून जावी असे म्हणू लागला, की तोच अडसर होतो. आणि वर्षानुवर्षे कोणी विचारपूस केली नाही की तो वाळतो, भेगाळतो, आणि यंत्र बंद पडल्यावर मात्र बोल यंत्रास लागतो.

शिष्यवृत्तीच्या मुदतीपूर्वी आमच्या सहाही संगणकांवर अर्ज भरले गेले. दुपारच्या उन्हातही एकही बंद पडला नाही. दोन रेघा ओढणाऱ्या मुलीने आपला अर्ज तिसऱ्या यंत्रावर भरला. तेच हवे, असा तिचा हट्ट होता. भंगाराचा प्रस्ताव आम्ही कधी पाठविलाच नाही. त्याऐवजी नोंदवहीत एक ओळ वाढविली : दरवर्षी फेब्रुवारीत सर्व संगणकांची धूळ काढावी नि तापमान नोंदवावे. तापमान मागील वर्षाहून बरेच चढले असेल तरच पेस्ट बदलावी. नोंद ठेवण्याचे काम नववीच्या वर्गाकडे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुना संगणक उन्हाळ्यात आपोआप बंद पडत असेल त्यांनी त्यास लगेच निकालात काढू नये. प्रथम धूळ पाहावी, मग पंखा फिरतो की नाही ते पाहावे, मग ठोकळ्याचे चारही पाय पाहावेत, आणि सर्वांत शेवटी पेस्ट. हात धजत नसेल तर जाणत्याकडून करवून घ्यावे, पण समोर बसून पाहावे, नि घरातल्या एखाद्या मुलीस शेजारी बसवावे. पुढल्या खेपेस तीच करील.